ग्लेनिसची कोरी गिटार

“फटीतून बघायचं नाही. डोळे मीट म्हणजे मीट,” असं दटावत नेव्हने ग्लेनिस ट्रिफिटच्या डोळ्यांवर बशा पुसायचं फडकं बांधलं आणि मागे घट्ट गाठ मारली.

“अरे, केस ओढतोयस माझे! आणि हे फडकं धुतलेलं आहे ना?”

“व्हिवने धुतलंय. म्हणजे तीनदा धुतलं असणार.”

ती व्हिव मी. नेव्ह माझा धाकटा भाऊ. होबार्ट शहराजवळच्या ह्युऑन नदीकाठी एका जुन्या शेडमध्ये आम्ही दोघं बावीस वर्षं इलेक्ट्रिक गिटारी बनवतोय. पूर्वी इथे सफरचंदं खोक्यांत भरत, आणि पावसाळी हवेत भिंतींना अजून तो वास सुटतो. नेव्ह कापतो, तासतो, जोडतो. मी घासते, पॉलिश करते, चकाकी आणते. थोडक्यात, तो भुसा पाडतो आणि मी त्यातून उरलेल्याला रूप देते. नेव्हला विचाराल तर तो नेमकं उलटं सांगेल, म्हणून त्याला विचारू नका.

टेबलावर नऊ माना ओळीने मांडल्या होत्या. ऐकणाऱ्याला खाटकाचं दुकान वाटेल, पण गिटारीला मान असते, धड असतं, आणि मान धडाला जिथे येऊन मिळते तिथे टाच असते. मानेखाली लगेच टाच कशी, हेही विचारू नका. ज्याने ही नावं ठेवली तो शाळेत शरीरशास्त्राच्या तासाला झोपला असणार.

आमच्या शेडचे नियम दोन. पहिला नेव्हचा: गिऱ्हाइकाने मान डोळे बांधून निवडायची. लोक मासिकातलं चित्र घेऊन येतात, मला अमक्यासारखी हवी म्हणतात, आणि वर्षभराने मनगट चोळत परत येतात. “डोळ्याला शेजाऱ्याचं आवडतं, हाताला आपलं,” असं नेव्ह म्हणतो. दुसरा नियम माझा: कोऱ्या लाकडाला उघडा हात लावायचा नाही. कोरं लाकूड हाताचा घाम, लोणी, मळ सगळं पिऊन घेतं आणि मग वरून कितीही पॉलिश करा, डाग खालून हसत राहतो. दाराशी पांढऱ्या सुती हातमोज्यांचं खोकं असतं. एकदा एका पाद्रीबाबांनाही मी हात मागे घ्यायला लावला होता.

टेबलावरच्या नऊ माना तेल पाजलेल्या, नमुन्याच्या होत्या, म्हणून ग्लेनिसला मोकळीक होती. तिने पहिली मान उचलली, पंजात धरली, खाली ठेवली. दुसरी धरली आणि खुदकन हसली.

“ही मर्वची. कुऱ्हाडीचा दांडा!”

मर्व म्हणजे तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी गेला. त्याचा पंजा फावड्याएवढा होता. त्याचा एक बँड होता. खोऱ्यातल्या प्रत्येक गावच्या हॉलमध्ये शनिवारच्या नाचाला तो वाजायचा. मर्व गाण्याची सुरावट वाजवायचा आणि ग्लेनिस त्याच्या मागे उभी राहून ठेका धरायची, तीही मर्वच्याच जुन्या, त्याच्याच पंजाच्या मापाच्या गिटारीवर. ही झाली तिची शनिवारची बाजू. सोमवार ते शुक्रवार ती शाळेची बस चालवायची, एकतीस वर्षं. माझी दोन्ही पोरं तिच्याच बसमधून शाळेला गेली. मागच्या बाकावर मारामारी सुरू झाली की ती आरशात नुसती बघायची, आणि पोरं हात मांडीवर ठेवून बसायची. गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाली आणि नोव्हेंबरात आमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, “मला एक गिटार पाहिजे. साधीच. ठेका धरण्यापुरती.”

तिने तिसरी, चौथी, पाचवी मान पाहिली. सहावी उचलली आणि थांबली. ती बारीक, गोलसर मान होती. ग्लेनिसची बोटं तिच्याभोवती अलगद मिटली आणि अंगठा वरून पार पलीकडे आला. ही मान तिने खाली ठेवली नाही.

“ही कुणाची रे?”

“तुझी असावी,” नेव्ह म्हणाला.

“मग मी बत्तीस वर्षं काय धरून उभी होते?”

“नवऱ्याची मान. म्हणून तर संसार टिकला तुझा.”

ती फडक्याखाली इतकी हसली की गाठ सैल झाली. नेव्हने तेवढ्यात भिंतीवरची तशाच मानेची नमुन्याची गिटार काढून तिच्या मांडीवर ठेवली, स्पीकरची वायर जोडली, आवाज लावला. “अशीच, डोळे बांधूनच वाजव थोडं.”

तिने ठेका धरला. तिचा ठेका म्हणजे गाडीचं इंजिन. घड्याळ लावून घ्यावं असा. आणि मग, का कोण जाणे, डोळे झाकलेले म्हणून असेल, तिचा डावा हात मानेवरचे पडदे, म्हणजे त्या आडव्या पट्ट्या, ओलांडत हळूहळू धडाकडे, वरच्या सुरांकडे सरकायला लागला. सातवा पडदा, दहावा, बारावा. बाराव्याच्या पुढे तो गेला. त्या नमुन्याच्या गिटारीची टाच गोल तासलेली आहे, हाताला अडवत नाही. नाचात मर्व जो वॉल्ट्झ वाजवायचा, त्याची वरची सुरावट शेडभर झाली. बारीक, थोडी अडखळत, पण सगळी. एक स्वर सुटला नाही. मर्व हीच सुरावट तोऱ्यात वाजवायचा. ही बाई ती लाजत वाजवत होती, आणि मला तीच जास्त आवडली. नेव्हकडे बघितलं तर तो छताकडे बघत होता. म्हणजे त्याचे डोळे भरले होते.

ग्लेनिसने वाजवणं थांबवलं, फडकं स्वतःच ओढून काढलं. कानापर्यंत लाल झाली होती.

“तुम्ही काही ऐकलेलं नाही,” ती म्हणाली.

“आम्ही? आम्ही तर बहिरे,” मी म्हटलं. “हे कुठे शिकलीस?”

“शिकले कुठे! बत्तीस वर्षं त्याच्या पाठीमागे उभी होते, त्याच्या हाताकडे बघत. दुसरं बघायला होतंच काय तिथून?”

मग नेव्हने कार्ड काढलं. आमच्याकडे प्रत्येक गिटारीचं एक कार्ड असतं. मानेपुढे त्याने ‘सहा नंबर’ लिहिलं आणि विचारलं, “टाच? चौकोनी की गोल?”

“चौकोनी.”

“ग्लेन, आत्ता तू—”

“चौकोनी म्हटलं ना.”

ज्याला प्रश्न पडला असेल त्याला सांगते: चौकोनी टाच म्हणजे मानेखाली लाकडाचा ठोकळा. मजबूत असतो, पण वरच्या पडद्यांकडे जाताना तळहात त्यावर आपटतो. ठेका धरणाऱ्याला तिकडे जायचंच नसतं, त्याचं काही अडत नाही. गोल टाच म्हणजे तो ठोकळा तासून उतरता केलेला. हात सरळ वर जातो. एकदा तासला की परत लावता येत नाही.

“मार्चमध्ये सफरचंदांची तोडणी संपली की हॉलमध्ये नाच आहे,” नेव्ह म्हणाला. “अकॉर्डियनवाला बार्नी म्हणत होता, बँड पुन्हा उभा करायचाय. तुम्ही दोघं आहात, ड्रमवालाही आहे. मग मर्वची जागा कोण घेणार?”

“बार्नी होबार्टहून कुणाला तरी आणणार आहे.”

“कुणाला?”

“कुणी मिळाला तर.” ती हाताची बोटं मोडत बसली. मग हळूच म्हणाली, “तुम्हाला ठाऊक आहे ना, आम्ही बागेत तोडणीला असताना मर्व काय म्हणायचा? ‘ग्लेन, तू शिडी धर, वरची मी काढतो.’ स्टेजवरही तेच म्हणायचा. वाईट अर्थाने नाही रे. प्रेमाने म्हणायचा. आणि मी धरलीच की शिडी. एकदाही हलू दिली नाही. आता चौसष्टाव्या वर्षी मी वर चढले तर लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला.”

“आणि नाही चढलीस तर?” मी विचारलं.

नेव्हने कार्डावर ‘चौकोनी’ लिहिलं, पण पेन्सिलने. “गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी टाच कापणार आहे. तोपर्यंत खोडरबर माझ्याकडे आहे,” म्हणाला.

मग पाळी माझी. पॉलिश. मी माझे नमुने काढले. लॅकरचे, म्हणजे चकचकीत वार्निशचे, अकरा हात दिलेली फळी तिच्यासमोर धरली. त्यात तोंड दिसतं, केस विंचरून घ्यावेत इतकं लख्ख. “चाळीस वर्षं ओरखडा पडणार नाही,” मी अभिमानाने सांगितलं. हे माझं आवडतं वाक्य आहे.

ग्लेनिसने फळीत स्वतःचं तोंड बघितलं आणि फळी बाजूला ठेवली. “झिजेल असं काय आहे तुझ्याकडे?”

“झिजेल असं? अगं, लोक न झिजणारं मागतात!”

“माझ्या बसची सीट होती ना,” ती म्हणाली, “ती एका बाजूने झिजलेली होती. डाव्या बाजूने. मी गिअर टाकताना तशी कलायचे. एकतीस वर्षांत तिथे बरोब्बर माझ्या आकाराचा खड्डा पडला होता. मला आवडायचा तो. शेवटच्या दिवशी चाव्या दिल्या, केक कापला, फोटो काढले. आणि दुसऱ्या सकाळी डेपोवरून चालले होते तर बघते, सीट काढून फाटकाबाहेर टाकलेली. नवीन बसवली. बरोबरच आहे म्हणा, नव्या ड्रायव्हरची पाठ वेगळी.” ती हसली, पण तेवढ्यापुरतंच. “म्हणून म्हटलं, अशी एखादी वस्तू असावी की जिच्यावर मी झिजलेली दिसेन.”

मी कार्ड ओढून घेतलं आणि माझ्या हाताने लिहिलं: तेल. तीन हात. बास.

गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी ग्लेनिस सकाळी आठलाच आली. हातात मैद्याच्या पारीत शिंपल्यांची करी भरून भाजलेली पेस्ट्री होती, गरम, फडक्यात गुंडाळलेली. नेव्हने मान यंत्राखाली लावलेली होती, टाचेवर पेन्सिलची चौकोनी रेघ. ग्लेनिसने पेस्ट्री माझ्या हातात दिली, खोक्यातून हातमोजे काढून नीट घातले, आणि नेव्हच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. चौकोनी रेघेवर फुली मारली आणि शेजारी एक गोल, उतरती रेघ काढली. जरा वाकडी आली.

“बार्नीला होबार्टहून कुणी मिळाला नाही,” ती म्हणाली.

“कधी कळलं?”

“कळलं कुठे! मीच त्याला फोन करून सांगितलं की शोधू नको.”

नेव्ह असा ओरडला की नदीवरची बदकं उडाली. त्याने तिला यंत्राशी उभं केलं आणि विचारलं, “ग्लेन, परत चिकटवता येत नाही हां. कापू?”

“काप,” ती म्हणाली, आणि कापताना डोळे मिटून घेतले.

टाचेचा जो ठोकळा उडून पडतो तो आम्ही गिऱ्हाइकालाच देतो, अशी आमच्याकडे रीत आहे. कुणी तो कपाटावर शोभेला ठेवतं, कुणी नाव कोरून चावीला अडकवतं. ग्लेनिसने तो खिशात घातला. नंतर मी तिच्या घरी गेले तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली होता. “मर्व वीस वर्षं करतो करतो म्हणत होता,” ती म्हणाली, “आता बघ, एक थेंब चहा सांडत नाही.”

आता माझ्या गाढवपणाची गोष्ट. ती सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण नेव्ह ती प्रत्येक लग्नात सांगतो, त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

तिचं धड सॅसाफ्रासचं होतं. आमच्या डोंगरातलं लाकूड. लोण्यासारखं फिकट, मधूनच शाईच्या रेघा ओढल्यासारख्या काळ्या शिरा. मी ते घासलं आणि त्या शिरा अशा उठून आल्या की माझ्या हाताला खाज सुटली. वाटलं, तेलाआधी लॅकरचा एक पातळ हात मारून बघू, नुसतं बघायला. एक हात मारला. शिरा चमकल्या. मग दुसरा. पॉलिश करणाऱ्याला हा रोगच असतो. पहिल्या हाताला लाकूड बोलायला लागतं आणि आपल्याला राहवत नाही. कार्ड समोर खिळ्याला टांगलेलं होतं, माझ्याच अक्षरात. मी त्याच्याकडे बघितलं नाही असं नाही. मी त्यावर पुसायचं फडकं टांगलं. पाच आठवड्यांत धडावर आणि मानेवर अकरा हात झाले.

नाचाच्या आधीच्या सोमवारी ग्लेनिस गिटार न्यायला आली. मी गिटारीवरची चादर बाजूला केली. खरं सांगते, बावीस वर्षांत माझ्या हातून इतकं देखणं काम झालं नव्हतं. खिडकीतली नदी त्यात दिसत होती.

ग्लेनिस बघत राहिली. तिने बोट टेकवलं, काढलं. वर ठसा उमटला तो पदराने पुसावा तसा स्वेटरच्या बाहीने पुसला. लगेच पुसला गेला.

“ह्यावर माझा हात उमटायला किती दिवस लागतील गं?”

नेव्ह म्हणाला, “व्हिवच्या कामावर? चाळीस वर्षं. ती सांगते ना सगळ्यांना.”

“हो का,” ग्लेनिस म्हणाली. मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाली, “सुंदर झालीय, व्हिव. एवढी सुंदर वस्तू माझ्या घरात दुसरी नाही. जपून ठेवीन हो मी.”

तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी चार उलट घातल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण ‘जपून ठेवीन’ म्हणाली. वाजवीन नाही म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी गिटार तिच्यासमोरून ओढून घेतली.

“शनिवारी सकाळी ये,” मी म्हटलं. “ही झालेली नाही अजून.”

अकरा हात चढवायला पाच आठवडे लागले, उतरवायला चार दिवस. पात्याने खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा खरवडायचं. नेव्ह दर तासाला चहा आणून ठेवायचा आणि मोठ्याने मोजायचा, “सातवा उतरला, बायांनो आणि बाप्यांनो, आता सहावा!” तिसऱ्या दिवशी मी त्याच्या अंगावर ओला स्पंज फेकला. शुक्रवारी दुपारी खाली पुन्हा ते लोण्यासारखं लाकूड लागलं. कोरं. जसं झाडाने दिलं तसं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तेलाचा एक हात सुकायला दोन दिवस लागतात, आणि नाच उद्या दुपारी तीनला आहे.

“कोरीच जाऊ दे,” नेव्ह म्हणाला.

“मी जिवंत असेपर्यंत ह्या शेडमधून कोरी गिटार बाहेर जाणार नाही! हॉलमध्ये लोणी असतं, केक असतात, लोक असतात!”

“मग ग्लेन मर्वच्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर वाजवेल. चौकोनी टाच आहे त्याला. बाराव्या पडद्याशी थांबेल.”

मी पाण्याचा नळ जोरात सोडला आणि बराच वेळ हात धूत बसले. मग म्हटलं, “तारा चढव.”

हॉलमध्ये नेहमीचीच गर्दी होती. बायकांनी घरून आणलेल्या थाळ्या लांब टेबलावर लागल्या होत्या: सँडविच, सॉसेज रोल, खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन. म्हातारे पुरुष भिंतीला टेकून ह्या वर्षीच्या सफरचंदांना नावं ठेवत होते. स्टेजवर बार्नी अकॉर्डियन छातीशी घेऊन बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजून झाडावर चढतो. ग्लेनिस निळा झगा घालून आली होती. माझ्याजवळ येऊन तिने पर्समधून आमच्या खोक्यातले पांढरे हातमोजे काढून दाखवले.

“घालून वाजवू का गं?”

“चेष्टा नको करूस. हात धुतलेस?”

“दोनदा,” ती म्हणाली आणि माझ्या डोळ्यांदेखत एक सॉसेज रोल उचलून तोंडात टाकला. चरबी बोटांवरून ओघळली. माझ्या तोंडून किंकाळी फुटली. ती बोटं झग्याला पुसत स्टेजवर चढली.

पहिली तीन गाणी ती नुसता ठेका धरत होती. सुरावट बार्नी अकॉर्डियनवर ओढत होता, दमला की मध्येच सोडून देत होता. लोक नाचत होते, पण जरा आंबल्यासारखे. मला कळेना, ही चढणार आहे की नाही. नेव्ह माझा दंड दाबत होता, इतका की नंतर निळा डाग पडला. चौथं गाणं आलं, तोच वॉल्ट्झ. बार्नीने अकॉर्डियनचा भाता मिटला आणि मर्वचं ते शिडीचं वाक्य सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे माइकवरूनच विचारलं, “काय ग्लेन, वरची कोण काढणार?”

हॉलमध्ये हशा पिकला. ग्लेनिसने मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. बसच्या आरशात बघायची ना, तस्सं. हशा थांबला.

“बार्नी,” ती म्हणाली, “तू शिडी धर.”

बार्नीने एकदा डोळे मिचकावले. मग अकॉर्डियनच्या डाव्या बाजूने ठेका सुरू केला, आणि ग्लेनिसचा हात निघाला. पाचवा पडदा, सातवा, दहावा. बाराव्याशी तो थांबला. तिथे काहीही नव्हतं, ठोकळा तर तिच्या टेबलाच्या पायाखाली होता. पण बत्तीस वर्षांची सवय होती, हात आपटणार म्हणून थांबला. सूर लोंबकळला. बार्नीने तोच ठेका पुन्हा धरला, वाट बघत, शिडी जराही न हलवता. आणि मग तिचा तळहात त्या गोल उतारावरून घसरत वर गेला आणि वरची सगळी सुरावट खाली पडायला लागली, एकेक, टपोरी.

कुणी नाच थांबवून टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट भिंतीला टेकलेले म्हातारे नाचायला आपापल्या बायका शोधायला निघाले. माझ्या मते ह्याहून मोठी पावती नाही. मी नाचत नाही, गुडघे दुखतात माझे. पण नेव्हने मला ओढलं आणि मी गेले. नाचता नाचता मला दिसत होतं, तिच्या कपाळावरून घाम कोऱ्या लाकडावर टपटप पडतोय. पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. मला खूप आनंद झाला होता.

सोमवारी गिटार माझ्या टेबलावर आली. नेव्हने तारा काढल्या. मी दिवा खाली ओढून बघितलं. धडाच्या वरच्या कडेला दंडाचा घाम लागला होता, ठेक्याच्या पडद्यांमागे अंगठ्याचा काळपट ठिपका होता. ते सगळं मी घासून काढलं, दोन मिनिटांत गेलं. मग टाच उलटी केली. गोल उतारावर तळहाताचा मळकट चंद्र उमटला होता, करडा, एका बाजूला जरा गडद. थोडी सॉसेज रोलची चरबी, थोडा घाम.

“तेही जाईल,” दारातून नेव्ह म्हणाला. “नवा पेपर देऊ?”

“जा तू. तिकडे भुसा पाड.”

तो गेल्यावर मी पॉलिश पेपर घडी करून खणात टाकला. हातमोजा काढला आणि माझा उघडा तळहात त्या डागावर ठेवून बघितला. तिचा हात माझ्यापेक्षा लहान होता, चांगला बोटभर लहान. मग मी तेलाचा डबा उघडला.